गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला नेण्याआधी हे सगळं याच क्रमाने करा

"गाडी लेफ्टला ओढतेय, दोनदा अलाइनमेंट करून झालं तरी तशीच आहे, आता काय करू?" हा प्रश्न ओळखीतल्या लोकांकडून इतक्या वेळा आलाय की शेवटी सगळं एकदा नीट लिहून काढतोय. बहुतेक वेळा चूक एकच असते. अलाइनमेंट ही शेवटची पायरी आहे आणि लोक ती पहिली करतात. टायरमधे दोष असेल, ब्रेक धरून राहत असेल किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) रबरी बुश गेलेला असेल तर मशीनवर सगळे आकडे हिरवे येऊनही गाडी ओढणारच, कारण मशीन चाकाचे कोन मोजतं, टायरच्या आत काय झालंय ते त्याला दिसत नाही.

खालचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅक-सेदान धरून लिहिलंय, म्हणजे पॉवर पुढच्या चाकांना, पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मागचा अ‍ॅक्सल ट्विस्ट बीमचा (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम). क्रम मात्र कुठल्याही गाडीला हाच.

आणि एक नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलली की त्याच रस्त्यावर चालवून बघा. हवा, टायर आणि अलाइनमेंट एकाच दिवशी करून टाकलं तर गाडी सरळ झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही, आणि तीन महिन्यांनी परत ओढायला लागली की परत शून्यापासून सुरुवात.

1. तयारी

लागणारं सामान: स्वतःचा हवा मोजायचा गेज, खडू, मेजरिंग टेप, जॅक, व्हील पाना, दोन जॅक स्टँड, दोन विटा किंवा दगड, आणि लिहून ठेवायला मोबाइल.

गाडीतलं जड सामान काढा. डिकीत एका कोपऱ्यात पाण्याचे कॅन, टूलबॉक्स, सीएनजीच्या गाडीत कडेला कोंबलेल्या बॅगा, या सगळ्याने गाडी एका अंगावर बसते. नवीन गाडीत लेन कीप असिस्ट (गाडीला आपोआप लेनमधे ठेवणारी सोय) असेल तर तो बंद करा, नाहीतर तुम्ही गाडीची टेस्ट करताय की सॉफ्टवेअरची ते कळणार नाही.

डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं. हे सांगायचं कारण म्हणजे मेकॅनिक गाडीच्या पुढे उभा राहून काम करतो, त्याचं डावं ते तुमचं उजवं, आणि यातून चांगला पार्ट काढून खराब तसाच राहिलेला मी पाहिलाय. गॅरेजमधे सरळ ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड म्हणा, घोळच नको.

2. गाडी नक्की कधी ओढते ते आधी लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात आणि अर्धं निदान तर इथेच होतं.

सरळ रस्त्यावर एकसारख्या स्पीडला ओढते: टायर, अलाइनमेंट किंवा धरून राहिलेला ब्रेक.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढते: पुढचे ब्रेक किंवा लोअर आर्मचे बुश.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एकीकडे आणि सोडला की दुसरीकडे: बुश किंवा इंजिन माउंट. टायरवर वेळ घालवू नका.

उजवीकडे वळून आलं की उजवीकडे ओढते, डावीकडे वळून आलं की डावीकडे: कुठेतरी जाम झालंय, शॉकअपच्या वरचं माउंट-बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्टीयरिंग कॉलमचा जॉइंट. अलाइनमेंटने हे कधीच जाणार नाही.

गाडी सरळ जाते पण स्टीयरिंग वाकडं राहतं: हे ओढणं नाहीच. हे टोचं (वरून बघितल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) काम आहे, सरळ सातव्या पायरीवर जा.

त्याबरोबर हेही लिहा की हे सुरू कधी झालं. नवीन टायर टाकल्यावर, मोठा खड्डा बसल्यावर, क्लचचं काम झाल्यावर, गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिल्यावर? "हळूहळू झालं" आणि "त्या दिवसापासून झालं" यात खूप फरक आहे.

3. टेस्ट रस्ता निवडा, नाहीतर रस्त्याचाच उतार दुरुस्त करत बसाल

डांबरी रस्त्यावर पाणी थांबू नये म्हणून त्याला मुद्दाम कडेकडे उतार दिलेला असतो, साधारण 2 ते 2.5 टक्के. साडेतीन मीटरच्या लेनमधे म्हणजे सात-नऊ सेंटिमीटरचा फरक पडला. आपण डावीकडून चालवतो त्यामुळे अगदी निरोगी गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते, आणि म्हणूनच "लेफ्टला ओढते" ही तक्रार जास्त येते. उजवीकडे ओढत असेल तर मात्र समजा की नक्की काहीतरी आहे, कारण ती उताराच्या उलट चढतेय.

मी एमआयडीसीतला सरळ रुंद रस्ता रविवारी सकाळी लवकर वापरतो. किलोमीटरभर सरळ, रिकामा, खड्डे नसलेला पट्टा पुरतो. हायवेवर हे करू नका.

स्पीड 60 धरा, गाडी सरळ करा आणि स्टीयरिंगवरची पकड सैल करा, हात मात्र स्टीयरिंगला टेकलेलेच ठेवायचे, सोडायचे नाहीत. आता सेकंद मोजा. 60 च्या स्पीडला गाडी सहा सेकंदांत शंभर मीटर जाते. तेवढ्यात ती लेनच्या आतच थोडी सरकली तर तो रस्त्याचा उतार. दोन-तीन सेकंदांतच लेनच्या रंगवलेल्या पट्ट्याकडे जायला लागली तर खरंच ओढतेय. मग त्याच रस्त्यावर उलट्या दिशेने या, म्हणजे वारा असेल तर तोही कळेल, आणि रस्ता पूर्ण रिकामा असेल तर मधोमध, जिथे उतार जवळजवळ नसतो, तिथूनही एकदा चालवून बघा.

चेक: तीनही वेळा एकाच बाजूला ओढली तरच पुढे जा. दिशा बदलल्यावर बाजू बदलली तर गाडीला हात लावायची गरज नाही.

4. हवा, पण स्वतःच्या गेजने आणि टायर थंड असताना

पंपावर जाऊन "हवा टाकली" म्हणजे हवा चेक झाली असं नाही. पंपापर्यंत पाच-सात किमी चालवत गेलात की टायर गरम होऊन प्रेशर वाढलेलं असतं, आणि प्रत्येक पंपाचा गेज वेगळं सांगतो. गाडी कमीत कमी तीन तास उभी असताना घरीच मोजा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पिलरवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही.

इथे महत्त्वाचं काय तर पुढच्या दोन टायरमधला फरक. गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. दोघांत चार-पाच पीएसआयचा फरक असेल तर स्टीयरिंगला कळतोच. दोन्ही सारखे करा आणि लगेच टेस्ट. सरळ झाली तरी काम संपलं म्हणू नका, दोन दिवसांनी परत मोजा, एकाच टायरची हवा उतरलेली दिसली तर खिळा किंवा गळका व्हॉल्व्ह शोधा.

5. टायरची अदलाबदल, हीच टेस्ट बहुतेक जण करत नाहीत

आधी बघून घ्या. पुढच्या दोन टायरची कंपनी, मॉडेल, साइज एकच आहे का? गोटी (टायरवरची नक्षी) किती उरलीय? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्षं जुना असेल तर गाडी सरळ चालावी अशी अपेक्षाच चुकीची.

मग तळहात गोटीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. एकच कड झिजलीय तर कॅम्बर (पुढून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) बघावा लागेल. आणि कुठे फुगा दिसला तर टेस्ट तिथेच थांबवा, तो टायर आज बदलायचा.

आता मुख्य गोष्ट. टायरच्या आतला स्टीलचा पट्टा कारखान्यातच जरा बाजूला बसलेला असू शकतो, किंवा वापरात सरकतो. चहाचा कागदी कप टेबलावर आडवा ठेवून ढकला, तो सरळ जात नाही, तोंड मोठं असल्यामुळे गोल फिरतो. असा टायर तसाच फिरतो. बाहेरून काहीही दिसत नाही, बॅलन्सिंगमधे सापडत नाही, अलाइनमेंटमधे सापडत नाही. नवीन टायरमधेही असतं. ओळखायचा मार्ग एकच, पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावायची.

क्रम असा: खडूने चारही चाकांवर जागा लिहा. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, फक्त मॅन्युअलमधे दाखवलेल्या खाचेतच. पुढचं एक चाक काढलं की लगेच त्या बाजूला स्टँड लावा.

सावधान: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातपाय घालायचा नाही. गाडीबरोबर येणारा जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो. स्टँड नसेल तर हे काम पंक्चरवाल्याकडून करून घ्या, दहा-पंधरा मिनिटांचं आहे.

नट आधी हाताने बसवा, मग पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचं आवळणं गाडी खाली घेतल्यावर. आता टेस्ट करा.

ओढणं दुसऱ्या बाजूला गेलं: दोष टायरचा. ती जोडी मागे टाका, मागे त्याचा परिणाम फारच कमी होतो.
ओढणं त्याच बाजूला राहिलं: पुढच्या टायरचा दोष नाही, पुढच्या पायरीवर चला.
ओढणं गेलंच: टायरचा आणि गाडीचा दोष आता एकमेकांना कापतोय. चालेल, पण पुढे टायर फिरवाल तेव्हा परत दिसेल, म्हणून कुठला टायर कुठे आहे ते लिहून ठेवा.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावं-उजवं करू नका, त्याऐवजी एकाच बाजूचा पुढचा आणि मागचा बदला. आणि टेस्टसाठी स्टेपनी लावू नका, बऱ्याच गाड्यांत ती बारीक साइजची असते.

6. ब्रेक: धरून राहतोय की लागतच नाहीये, हे आधी ठरवा

इथे लोक हमखास उलट बाजू उघडतात. म्हणून दोन केसेस वेगळ्या.

चालवताना ओढते, ब्रेक न मारता. यात ब्रेक ज्या बाजूला धरून राहिलाय त्याच बाजूला गाडी ओढते. आठ-दहा किमी चालवा, शक्यतो ब्रेक कमी मारत, आणि थांबताना गाडी आपोआप हळू होऊ द्या. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावायचा नाही, चटका बसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, किंवा जळका वास आला तर सापडलं. मग ते चाक उचलून गाडी न्यूट्रलमधे ठेवून हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो, पण जोर लावून फिरवावं लागत असेल तर नाही.

फक्त ब्रेक मारल्यावर ओढते. यात उलट आहे. गाडी ज्या बाजूला जाते तिथला ब्रेक चांगला लागतोय, दुसऱ्या बाजूचा लागत नाहीये. म्हणजे डावीकडे जात असेल तर आधी ड्रायव्हर साइडचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडायचा. पॅडवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल गळलंय का, पिस्टन जाम आहे का, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिन सरकतात का, हे बघा.

माझ्या स्वतःच्या हॅचबॅकला हेच झालं होतं. एका गॅरेजने दोन वेळा अलाइनमेंट केलं, पैसे घेतले, चाक उघडून कोणी बघितलंच नाही. शेवटी घरी उघडली. क्लीनर साइडच्या कॅलिपरच्या खालच्या पिनचा रबरी बूट घडीवर चिरलेला, त्यातून पावसाचं पाणी आत जाऊन ग्रीसचा डिंकासारखा चिकट तपकिरी थर झालेला. वरचा पिन बोटाने आतबाहेर होत होता, खालचा हलेना. पान्याने डावं-उजवं फिरवत फिरवत ओढला तेव्हा निघाला आणि त्याच्या अंगावर एका बाजूने गंजाचा लांब पट्टा. आतला पॅड तीन मिलिमीटर उरला होता, बाहेरचा सात. पॅडची अशी वेगवेगळी झीज दिसली की पिन जाम आहे हे जवळजवळ पक्कं. नवीन बूट, पिन साफ आणि ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस, एवढ्यावर गाडी सरळ झाली. झिजलेले पॅड नंतर दोन्ही बाजूंचे बदलले.

यात तीन चुका टाळा. साधं पिवळं ग्रीस पिनला लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन परत जाम होतो. कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पॅड एकाच बाजूचे बदलू नका.

पिन आणि पिस्टन ठीक असूनही चाक जाम असेल तर रबरी ब्रेक पाइपवर संशय घ्या. जुना पाइप आतून सुजतो, पेडल दाबल्यावर ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. चाक जाम असतानाच कॅलिपरचा एअर काढायचा निपल जरा सैल करा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलं होतं आणि बहुधा पाइपच गेलाय. मोकळं नाही झालं तर कॅलिपर. ब्रेक ऑइल पेंट खातं, फडकं हाताशी ठेवा, आणि निपल उघडला म्हणजे नंतर एअर काढणं आलंच. कधी केलं नसेल तर हा भाग मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या.

मागचे ड्रमही विसरू नका. कोकणात, घाटात, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतात. थोड्या वेळाने सुटतात, पण हँडब्रेकची केबल गंजली असेल तर एक चाक धरूनच राहतं.

सावधान: ब्रेकचं कुठलंही काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा पंप करून कडक लागतंय याची खात्री करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. पार्किंगमधे भिंतीवर गाड्या जातात त्या यामुळेच.

7. खालचे पार्ट आणि मगच अलाइनमेंट

पुढची दोन्ही चाकं स्टँडवर असताना चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवा, खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टीयरिंगपासून चाकापर्यंतच्या दांड्याचे सांधे). लोअर आर्मच्या मागच्या बुशला टॉमी (पहार) लावून हळू रेटा, रबर चिरलेलं असेल तर फट उघडते. खड्ड्यांनी सगळ्यात आधी हाच बुश जातो असा माझा अनुभव आहे.

स्प्रिंगसाठी गाडी खाली घेऊन, दोन-चार मीटर पुढेमागे करून, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावं-उजवं सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा खालचा वेढा तुटलाय. ठोकलेली गाडी घेतली असेल तर आणखी एक माप घ्या: चाकं सरळ ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा, दोन खुणांमधलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ठळक फरक आला तर काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय.

झिजलेला पार्ट सापडला तर तो बदलूनच अलाइनमेंटला जा. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंतच टिकतं.

अलाइनमेंटवाल्याकडे हे मागा:

आधीचं प्रिंट, काहीही फिरवायच्या आधीचं. मागच्या चाकांचे आकडेसुद्धा. फक्त टो नको, कॅम्बर आणि कास्टर (बाजूने बघितल्यावर, चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) दोन्ही. आणि स्टीयरिंग सरळ करून लॉक लावलेलं स्वतः बघा, स्टीयरिंग वाकडं राहतं ते बहुतेक वेळा हे नीट न केल्यामुळे.

प्रिंट वाचायचं असं: एकेका आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक महत्त्वाचा. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह (चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला) त्या बाजूला गाडी ओढते. ज्या बाजूचा कास्टर कमी त्या बाजूला ओढते. फरक अर्ध्या डिग्रीच्या वर, म्हणजे कोनाच्या 30 मिनिटांच्या वर असेल तर तो जाणवतो. पुढचा टो मात्र दोन्ही चाकांत आपोआप वाटला जातो, त्याने टायर खाल्ले जातात, स्टीयरिंग वाकडं होतं, पण गाडी ओढत नाही. आणि छोट्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी फक्त टोच फिरवतात! म्हणून दोन-दोनदा करून फरक पडत नाही.

कास्टर या गाड्यांत फिरवायची सोय बहुधा नसते. तो चुकला असेल तर लोअर आर्म वाकलाय किंवा खालचा क्रॉसमेंबर (लोअर आर्म ज्याला जोडलेले असतात ती आडवी चौकट) सरकलाय. क्लचच्या कामात बऱ्याच गाड्यांचा क्रॉसमेंबर खाली घ्यावा लागतो, परत लावताना बोल्टच्या भोकातल्या मोकळ्या जागेमुळे तो काही मिलिमीटर इकडेतिकडे बसतो. क्लचनंतर ओढायला लागली असेल तर आधी हे सांगा. कॅम्बरसाठी स्ट्रटच्या (स्प्रिंगसकट शॉकअप) बोल्टमधे थोडी जागा असते तेवढीच वापरू द्या. "हायड्रॉलिक लावून वाकवून देतो" म्हणाले तर नको म्हणा, वाकलेला पार्ट वाकवून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा.

कॅम्बर हलवला की टो बदलतो, म्हणून टो सगळ्यात शेवटी. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत नंतर स्टीयरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो, ते विचारा.

8. एवढं करूनही ओढत असेल तर

इलेक्ट्रिक पॉवर स्टीयरिंग बघा. पुढची दोन्ही चाकं स्टँडवर, न्यूट्रल, हँडब्रेक, मागे विटा. इंजिन सुरू करा, स्टीयरिंग मधोमध आणा आणि हात बाजूला घ्या. स्वतःहून एकीकडे फिरायला लागलं तर टॉर्क सेन्सरचं (स्टीयरिंगवरचा हाताचा जोर मोजणारा) सेटिंग हललंय, ते कंपनीच्या स्कॅनरवरच होतं.

काम झालं की त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला परत सेकंद मोजा आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा. चाकं काढली असतील तर पन्नास-शंभर किमी चालल्यावर नट एकदा परत आवळून बघा. नवीन बुश किंवा स्ट्रट टाकले असतील तर ते बसायला वेळ घेतात, हजारेक किमीने टो परत तपासून घ्या आणि तेव्हाही प्रिंट मागा, आधीचं प्रिंट सोबत घेऊन जा.